मास्तरांच्या कमरेचं माप

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईच्या दुकानातले. त्यांच्या दुकानात मी बावीस वर्षं काजं करते, बटणं लावते, हातशिलाई करते. दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली. पुढे कापायचं टेबल, त्यामागे दोन मशिनं, भिंतीलगत तयार कपड्यांची दांडी आणि कोपऱ्यात इस्त्री. मागच्या दाराने तीन पायऱ्या चढलं की मास्तरांचं घर. घर ते कामाची जागा यात अंतर काय ते तीन पायऱ्यांचं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

मास्तरांचं वय अडुसष्ट. हात कोटावर बसलेला. शर्ट-पँट ते शिवत, पण कोट आला की चेहरा बदले. बोलणं कमी, आणि जे बोलतील ते टोचून. गळ्यात कायम टेप. ही टेप त्यांच्या वस्तादांनी त्यांना दिलेली, कापडी, कडा विरलेल्या. त्यावरचे आकडे पुसट झाले की मास्तर शाईने पुन्हा गिरवायचे. वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, म्हणायच्या, "आंघोळीला जाताना उतरते तेवढीच. माझ्यापेक्षा तिचा सहवास जास्त."

गिऱ्हाइकांना मास्तरांकडे माप द्यायला फार आवडे. बाहेर तयार कपडे घ्यायला गेलं की कंबर चाळीस भरायची आणि मास्तरांकडे साडेअडतीस. कोट मात्र अंगावर बरोब्बर बसायचा. लोक म्हणत, मास्तरांचा हात शुभ आहे.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चालला होता. वर्षभरापासून मी सकाळी आल्या आल्या देवाचं नाव घ्यायचे आणि दहा-बारा सुयांत दोरा ओवून त्या उशीला टोचून ठेवायचे. मास्तर त्यातली एकेक उचलून वापरायचे आणि सुई आपोआप ओवली जाते असा चेहरा करायचे. मीही काही बोलायचे नाही. आणखीही एक गोष्ट मी बोलले नव्हते, ती शेवटी येईल.

शेवटी एकदा कात्री खडूच्या रेघेवरून घसरली आणि एका कोटाच्या पाठीचा तुकडा वाया गेला. मग मास्तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळे करावे लागतील, त्यात अवघड काही नाही, पण तुमची साखर फार आहे. मास्तरांना साखरेचा विकार सात वर्षं होता. गोळ्या ते वेळेवर घ्यायचे आणि तेवढ्यावर विषय मिटला असं धरून चालायचे. तीन महिन्यांच्या सरासरीची जी तपासणी असते तिच्यात आकडा साडेनऊच्या जवळ आला होता. डॉक्टरांनी सांगितलं, "आठच्या खाली आणा, मग तारीख देतो. जखम नीट भरली पाहिजे."

त्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला. मुलगा दुसऱ्या शहरात असतो. त्याचं म्हणणं साधं होतं: दुकान बंद करा, दोघं इकडे या, खोली तयार आहे.

"तिथे येऊन मी काय करू? पडदे मोजू?" मास्तर म्हणाले.

"बाबा, तुम्हाला दिसतच नाही तर दुकानात तरी काय करता?"

मास्तरांनी फोन वहिनींच्या हातात दिला. नंतर मला म्हणाले, "बाई, तीन महिन्यांत डोळ्यांची तारीख मिळाली नाही तर टाळं लावायचं. मी त्याला कबूल केलंय." म्हणजे कबूल केलं होतं फोन हातातून गेल्यावर, स्वतःशीच. पण मास्तरांचा शब्द हा शब्दच, कुणी ऐकलेला असो नसो.

दवाखान्यातल्या सिस्टरनी त्यांना एक छापील कागद दिला होता. काय खावं, किती चालावं, असा. मास्तरांना तो वाचता येईना आणि कुणाला वाचून दाखव म्हणणं जमेना. त्यांनी कागद घडी करून मापांच्या वहीत ठेवला आणि आपल्या पद्धतीने काम हाती घेतलं. वहीत नवं पान काढून गिऱ्हाइकाची नोंद करतात तशी नोंद केली. गिऱ्हाईक: स्वतः. काम: कंबर कमी करणे. मुदत: तीन महिने. पहिलं माप: एकोणचाळीस.

"ट्रायलला कधी येणार हे गिऱ्हाईक?" मी विचारलं.

"दर सोमवारी."

मास्तरांची पद्धत म्हणजे हलकं खायचं. डाळ जड म्हणून बंद. अंडं जड, दूध जड. सकाळी चहा आणि टोस्ट, दुपारी मऊ भात, रात्री दोन बिस्किटं किंवा एखादं केळं. वहिनी म्हणाल्या, "अहो, हे आजाऱ्याचं खाणं झालं." मास्तर म्हणाले, "मग मी कोण आहे?" त्यावर वहिनींनी भांडी जरा जोरात ठेवली, एवढंच.

चालायचं म्हणाल तर मास्तर म्हणायचे, आम्ही जन्मभर पाय चालवलेत. पूर्वी ते खरंही होतं. पायाचं मशीन सहा-सात तास चालवायचं म्हणजे पायांना विश्रांती कसली. पण आठ वर्षांपूर्वी मुलाने मोठ्या हौसेने मशिनाला मोटर बसवून दिली होती. तेव्हापासून मास्तरांचा उजवा पाय एक बटण दाबायचा आणि डावा नुसता सोबत बसायचा. दिवसभरात ते पन्नास पावलं चालत असतील. त्यातली सहा पायऱ्यांवरची.

सोमवारी कमरेचं माप पडायचं. एकोणचाळीस, साडेअडतीस, अडतीस. मास्तर ते मोठ्याने वाचायचे. सहाव्या आठवड्यात सदतीस झाली तेव्हा त्यांनी मला उभं करून दोनदा ऐकवलं.

कंबर उतरत होती हे खरं. पण बाकीचंही उतरत होतं. पूर्वी जड इस्त्री ते एका हाताने फिरवायचे, आता दुसरा हात मनगटाला लागायचा. तीन पायऱ्या चढताना भिंत धरायचे. स्टुलावरून उठताना दोन्ही हात टेबलावर. पँट मागून अशी लोंबायला लागली की वहिनी म्हणाल्या, "मागून बघितलं तर पँट एकटीच चाललीये असं वाटतं."

"आत घेईन शिवून," मास्तर म्हणाले.

"पँट घ्याल. पायांचं काय?"

त्याच आठवड्यात एका सकाळी अकराच्या सुमारास ते बाही इस्त्री करत होते. टोस्टसुद्धा खाल्ला नव्हता, नुसत्या चहावर गोळी घेतली होती. मला जळका वास आला म्हणून मान वर केली. इस्त्री बाहीवर तशीच पालथी होती आणि मास्तर तिच्याकडे बघत उभे होते. कपाळावर घाम, हात थरथरत होता. मी आधी बटण बंद केलं, मग त्यांना स्टुलावर बसवलं. वहिनींनी पाण्यात साखर ढवळून आणली. पाच-दहा मिनिटांनी त्यांची नजर ठिकाणावर आली. बाहीकडे बघून ते म्हणाले, "अस्तर वाचलं का?"

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. रिक्षाने नेलं. डॉक्टरांनी तपासलं, साखर एकदम खाली गेली होती म्हणाले, उपाशीपोटी ती गोळी घ्यायची नाही म्हणून सांगितलं, औषध बदलून दिलं, रक्त घेतलं. नंतर सिस्टरनी वजन केलं आणि कमरेला टेप लावली. मी तिथेच बाकावर होते.

"साडेअडतीस," सिस्टर म्हणाल्या.

"सदतीस," मास्तर म्हणाले.

"काका, साडेअडतीस आहे. सुरुवातीला साडेचाळीस होती, ही बघा नोंद."

"एकोणचाळीस होती. सिस्टर, पंचेचाळीस वर्षं मी लोकांच्या कमरा मोजतोय. तुमची टेप प्लॅस्टिकची आहे. प्लॅस्टिक काय, थंडीत आखडतं."

सिस्टर हसल्या नाहीत. चाळिशीच्या, ठसठशीत बाई. म्हणाल्या, "कंबर राहू द्या. दंड दाखवा." दंड मोजला. मग मांडी. मग म्हणाल्या, "आता खुर्चीवरून हात न टेकता उठा."

मास्तर उठले. दुसऱ्यांदा उठले. चौथ्यांदा अर्ध्यावर येऊन परत बसले.

"तुम्ही कोट शिवता ना? कोटाला फक्त कमरेचं माप घेता?"

"असं कसं? छाती, खांदा, पाठ, बाही..."

"मग स्वतःचं एकच माप का घेत बसलात? सहा आठवड्यांत पाच किलो गेलेत. ते नुसतं पोट नाही गेलं, हातापायाचं मांस पण गेलंय. जेवणातून साखर रक्तात येते ती उचलून नेतं कोण? बराचसा भाग स्नायू नेतात. या वयात ते तसेही झिजत असतात. त्यात तुम्ही त्यांचं खाणं तोडलंत, त्यांना कामही ठेवलं नाहीत. आणि खाताय काय, तर टोस्ट, भात आणि केळं. म्हणजे साखर आत येतेय आणि ती नेणारे कमी होतायत."

सिस्टरनी टेप गुंडाळत विचारलं, "मी दिलेला कागद वाचला का?"

"वहीत आहे," मास्तर म्हणाले. तेही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रक्ताचा आकडा आला. नऊ पूर्णांक एक. सहा आठवडे उपाशी राहून साडेनऊच्या जवळून नऊ-एक.

त्या दुपारी मास्तर काम न करता बसले होते. मग उठून त्यांनी टेबलाच्या खणातून लोखंडी पट्टी काढली. चोवीस इंची, खिसे आखायची. गळ्यातली टेप काढून पट्टीशेजारी ताणून धरली आणि मला म्हणाले, "बाई, इथला आकडा वाचा. मला पुसट दिसतोय."

मी वाचला. पट्टी चोवीसवर संपत होती आणि टेपेवर तिथे तेवीस होता.

"नीट वाचा."

"तेवीसच आहे, मास्तर."

त्यांनी टेप उलटी करून दुसऱ्या टोकाकडून लावली. तेच. इतकी वर्षं ओढून ओढून टेप ताणली गेली होती. चोवीस इंचांत एक इंच. कपड्यात ते कधी कळलं नाही, कारण तीच टेप अंगावर आणि तीच कापडावर. खोटं माप घ्यायचं आणि त्याच खोट्या मापाने कापायचं, की कपडा खरा. लोकांची कंबर मास्तरांकडे कमी भरायची ती का, हे मला तेव्हा कळलं. हात शुभ असण्याचा त्यात भाग नव्हता.

मला वाटलं मास्तर कमरेचा विचार करतायत. पण ते म्हणाले, "आखूडशेठ."

हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं. आमच्या रस्त्याच्या वरच्या टोकाला, चढ संपतो तिथे कापडाचं दुकान आहे. तिथले शेठ आणि मास्तर एकेकाळी रोज एकत्र बसायचे. गिऱ्हाइकाने शेठकडून कापड आणलं की मास्तर मोजायचे आणि ते हमखास कमी भरायचं. दोन मीटरला तीन बोटं कमी. मास्तरांनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणाले की तुमचा गज आखूड आहे. शेठनी गज पुढे केला, मास्तरांनी बघितला नाही. त्याला नऊ वर्षं झाली होती. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते आणि मास्तर गिऱ्हाइकांना कापड दुसरीकडून आणायला सांगायचे. तिकडचं कापडही कमीच भरायचं. त्यावरून मास्तरांनी एवढाच निष्कर्ष काढला होता की कापडवाल्यांची जातच एक.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मास्तरांनी टेप खिशात घातली आणि चप्पल चढवली.

"कुठे निघालात?" वहिनींनी विचारलं.

"सिस्टरनी जेवणानंतर चालायला सांगितलंय."

"चढावर?"

"बाई, चला जरा. वाटेत चक्कर आली तर कुणीतरी पाहिजे."

चढ तसा मोठा नाही, पण मास्तर तीनदा थांबले. शेठ गादीवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर केली आणि परत खाली घातली. मास्तरांनी टेप काउंटरवर ठेवली. म्हणाले, "तुमचा गज काढा."

शेठनी काढला. मास्तरांनी टेप त्यावर लावली. शेठ वाकून बघत राहिले. मग चष्मा काढून, पुसून, परत बघितलं.

"माझी लांब आहे," मास्तर म्हणाले. "तुमचा बरोबर होता."

शेठनी टेप उचलली, गुंडाळली आणि परत दिली. "नऊ वर्षांत एकदा तरी लावून बघायची होतीत."

"लावायची होती."

"बसा. दम लागलाय तुम्हाला. चहा सांगतो."

"बिनसाखरेचा," मास्तर म्हणाले.

"बिनसाखरेचाच पितो मीही. सहा वर्षं झाली."

मी बाहेर पायरीवर बसून राहिले. आत दोघं गोळ्यांची नावं एकमेकांना सांगत होते. परमेश्वराला काय करायचं असतं ते तो कोणत्या वाटेने करेल याचा नेम नाही, असं माझ्या मनात आलं, पण मास्तरांना असलं काही बोललेलं आवडत नाही.

पुढचं सगळं कागदाप्रमाणे झालं. कागद मी मोठ्याने वाचला आणि वहिनींनी ऐकला. अर्धं ताट भाजी. पाव ताट डाळ, अंडं किंवा मासा. उरलेल्या पाव ताटात भात. टोस्ट-बिस्किटं घरात आणणंच बंद. जेवण वेळेवर, उपास नाही. वहिनी म्हणाल्या, "एवढं तर मी आधीपासून सांगतेय."

"तू छापून दिलं नव्हतंस," मास्तर म्हणाले.

दुपारी जेवण झालं की चढ चढून शेठकडे आणि परत. रात्रीच्या जेवणानंतर वहिनींबरोबर गल्लीतून दोन फेऱ्या. पहिल्या आठवड्यात वाटेत तीनदा थांबायचे, मग एकदा, मग चढावर बोलता येतं का हे बघण्यासाठी मुद्दाम माझ्याशी वाद घालत चालायचे. दर तासाला स्टुलावरून हात न टेकता उठणं-बसणं. मी मोजायचे. चारवर अडलेलं गिऱ्हाईक महिन्याने बारापर्यंत गेलं. कापडाचे तागे पूर्वी खालच्या फळीवर असायचे, ते मास्तरांनी स्वतः वर ठेवले आणि रोज एकेक उतरवून परत वर चढवायला लागले. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस काहीतरी हरवलेलं शोधतोय.

आणि मोटर काढली. मिस्त्रीला न बोलावता, स्वतः चाचपडत. जुना चामडी पट्टा खणात होताच. पहिल्या दिवशी पाय आणि चाक यांचं जमेना, दोरा सारखा तुटायचा. दोन-तीन दिवसांनी तो जुना खडखडाट पुन्हा सुरू झाला. मला बरं वाटलं. मोटरच्या आवाजात माणूस आहे की नाही ते कळत नसे.

वहीत आता चार मापं पडत होती: कंबर, मांडी, पोटरी, दंड. नव्या टेपेने. कंबर साडेअडतीसवरून अडतीसवर आली आणि तिथेच बसली. मास्तरांना ते खटकत होतं. मांडी मात्र अर्ध्या इंचाने भरली, वजनही दीड किलोने वर गेलं.

"वजन वाढलं, कंबर अर्धा इंच. आता आकडा काय बोडक्याचा उतरणार," ते म्हणाले. ठरवलेली मुदत संपायला आठ दिवस होते. मुलाचा फोन दर रविवारी येत होता. त्या रविवारी वहिनींनी मास्तरांच्या नकळत मोठी बॅग माळ्यावरून खाली काढून पुसून ठेवली होती. मला म्हणाल्या, "ठेवली आपली. लागली तर असावी." त्यांना जायचं होतं की नव्हतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. नातवंडं तिकडे आहेत.

मास्तर तपासणीला रक्त देऊन आले. दुसऱ्या दिवशी आकडा आणायला मास्तर एकटे चालत गेले. मी काजं करत होते, पण एकाच काजावर किती वेळ गेला ते मोजलं नाही. मास्तर आले, चप्पल काढली, वहीतलं ते पान उघडलं आणि लिहायला लागले. लिहिताना नाक कागदाला टेकलं होतं.

"किती?" वहिनी पायरीवरून म्हणाल्या.

"सात पूर्णांक आठ."

वहिनी परत आत गेल्या. थोड्या वेळाने माळ्यावर बॅग ठेवल्याचा आवाज आला.

सिस्टरनी सांगितलं होतं म्हणे, औषध बदललं त्याचाही यात वाटा आहे, सगळं श्रेय पायांना देऊ नका, आणि आता सोडूही नका. मास्तरांनी ते दोन्ही वहीत लिहिलं.

पहिला डोळा झाला, महिन्याने दुसरा. जखमा नीट भरल्या. पट्टी, थेंब, काळा चष्मा हे सगळं आटोपून मास्तर पूर्णवेळ दुकानात बसले त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे सुया ओवायला घेतल्या. मास्तर म्हणाले, "राहू द्या. कळतं मला." आणि एक सुई उचलून पहिल्याच झटक्यात ओवली.

मग ते दांडीवरचे कपडे बघत फिरले. एका गडद निळ्या कोटापाशी थांबले. तो त्यांनी ऑपरेशनच्या आधी शिवलेला, गिऱ्हाईक गावाला गेल्यामुळे नेलेला नव्हता. त्यांनी तो दारातल्या उजेडात नेला. बाही उलटी केली. शिवण बघितली.

"बाई, हा दोरा काळा आहे."

मी सुयांची उशी बाजूला ठेवली.

"निळ्या कापडावर काळा दोरा. तुम्हाला दिसत होता?"

"दिसत होता."

"किती कोट असे गेले?"

"चार. हा पाचवा."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही शिवायचं सोडलं असतं."

मास्तर दारात कोट धरून उभे राहिले. रस्त्यावरून कुणीतरी त्यांना नमस्कार केला, तोही त्यांनी घेतला नाही. मग आत आले, कोट टेबलावर पसरला आणि माझ्यापुढे छोटी कात्री ठेवली.

"बाहीपासून उसवा. त्या चौघांची नावं वहीतून काढा, त्यांनाही बोलावून घेऊ. आणि बाई, यापुढे मला दिसत नसेल ते तुम्ही सांगायचं. टेपेसारखी चूक झाकायची नाही."

मी उसवायला घेतलं. त्यांनी निळ्या दोऱ्याचं रीळ उजेडात धरून कापडाशी ताडून बघितली, बॉबिन भरली आणि पायडलवर दोन्ही पाय ठेवले.